पहिल्याचा आवाज

स्वयंपाकघरातल्या फळीवर एक स्टीलचा डबा आहे आणि त्यात दोन रोट आहेत. सोमवारी आणले, आज गुरुवार. पौर्णिमा तीन दिवसांवर आली. बायकोनं काल विचारलं, "खात का नाही?" म्हटलं, पोट बरं नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. माझं पोट बरं नसलं की तिला आधी कळतं. तिनं डबा तेवढा मुंग्यांपासून वाचावा म्हणून पाण्याच्या ताटलीत ठेवला.

हे कानबाईचे रोट. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी नारळाला डोळे लावतात, नथ घालतात, लुगडं नेसवतात, ती कानबाई. रविवारी बसते, सोमवारी नदीवर जाते. रोटाचे गहू मापानं घेत नाहीत, मुठीनं घेतात. घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची सव्वा मूठ सुपात टाकायची. त्या गव्हाचे रोट घरातल्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. उरवणं नाही, टाकणं नाही.

मी खानदेशातला नाही. वडील रेल्वेत होते, मूळचे सोलापूरकडचे. बदलीनं चाळीसगावला आले. तरी चाळीसगावहून धुळ्याच्या गाडीनं दोन स्टेशनं पुढं एक गाव आहे आणि तिथल्या एका घरात गेली पस्तीस-छत्तीस वर्षं माझ्या नावाची मूठ पडते. मी गेलो तरी पडते, नाही गेलो तरी पडते. त्या घराचं मी काय केलं ते सांगायला मला इतकी वर्षं लागली. तेव्हा जे सांगायचं ते सावकाश सांगतो.

नव्वदच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. टीव्हीवर दर रविवारी सकाळी 'ध्रुवयान' लागायचं. ताऱ्यांमधून भटकणारं एक यान आणि त्याचा सारथी. पुठ्ठ्याचं यान, त्यावर चंदेरी कागद, लुकलुकणारे लाल दिवे. आमच्या कृष्णधवल टीव्हीवर ते लाल नव्हतेच, पण आम्ही ते लालच पाहत होतो. मालिका काही केल्या संपेना. सारथ्याचं काम करणारा नट मध्येच सोडून गेला, तेव्हा लेखकानं सारथ्याला बर्फाच्या पेटीत झोपवला आणि दुसऱ्या चेहऱ्यानं उठवला. पुढं दुसराही गेला, तिसरा आला. आम्ही नटांची नावं घेत नसू. पहिला, दुसरा, तिसरा. एवढं म्हटलं की वर्गात भांडण सुरू व्हायला पुरे.

मी पहिल्याचा. तो कमी बोलायचा. हात पाठीमागं बांधून खिडकीबाहेरच्या अंधाराकडं बघत राहायचा आणि संकट आलं की कळ ओढण्याआधी क्षणभर वर बघायचा. ते वर बघणं मी आरशासमोर पुष्कळ केलं आहे. किराणा दुकानवाल्याचा चौधरी तिसऱ्याचा, कारण तिसऱ्याचे केस चांगले होते. आणि भिकन दुसऱ्याचा.

भिकन माझ्या बाकावर बसायचा. आधीची तीन मुलं जगली नाहीत म्हणून देवाकडं भीक मागून घेतलेला, म्हणून भिकन. शाळा सुटली की आम्ही तिघं स्टेशनात जायचो. धुळ्याची गाडी यायला तास-दीड तास असे. फलाटाच्या टोकाला एक लिंबाचं झाड होतं, त्याच्या पारावर आमचा वाद चाले.

"दुसराच खरा," भिकन म्हणे. "तो बोलना की वाटस, कोनीतरी शे आपलं."

"आणि कधी बघितलंस रे तू त्याला?" चौधरी विचारी.

ते खरंच होतं. भिकनच्या गावात रविवारी सकाळी वीज नसे आणि असली तरी घरात टीव्ही नव्हता. आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मात्र दिवे सहसा जात नसत. म्हणून मी मालिका त्याच्यासाठी टेप करायचो. वडिलांचा टेपरेकॉर्डर टीव्हीसमोर स्टुलावर ठेवायचा, बटण दाबायचं आणि अर्धा तास घरात कोणी बोलायचं नाही. भिकनकडं त्याच्या मामानं सुरतेहून आणलेला सेलवरचा टेपरेकॉर्डर होता. शनिवारी तो कॅसेट द्यायचा, सोमवारी मी परत करायचो. भिकननं 'ध्रुवयान' असं ऐकलं. पाहिलं फारच कमी.

मंगळवारी तो यायचा तो तक्रार घेऊन. "तुना घर वांगानी भाजी व्हती ना? फोडणी चडचडनी, तठेच सारथी काय बोलना ते समजनं नही."

चौधरी लोळून हसायचा. "अरे, टीव्हीवर तोंड बघायचं असतं. तुम्ही दोघं काय शुद्धलेखन उतरवून घेता?"

माझं म्हणणं असं, की पहिला निघून गेला तेव्हाच सारथी गेला. चेहरा गेला की माणूस गेला. भिकन शांतपणे मान हलवायचा. "चेहरा काय, कोनाबी राहस. फोटोमां बी राहस. आवाज म्हनजे मानूस शे." आणि मग नेहमीचा पेच टाकायचा, "मी पहिलाले ऐकंच नही. त्याले चांगला कसा म्हनू?"

टेप सुरू झाल्या तेव्हा दुसरा आला होता. पहिल्याचा आवाज कुठून आणणार? पारावर मी रोज हरत होतो, आणि वर्गात पहिला येणाऱ्या मुलाला हरायची सवय नसते.

भिकनच्या मायला मी नववीच्या श्रावणात पहिल्यांदा नीट पाहिलं. उंच, सावळी, बोलताना पदराचं टोक दातात धरायची. गावात कानबाईची गाणी तिनं सुरू केल्याशिवाय सुरू होत नसत. बायका जमायच्या, एकमेकींना ढोसायच्या, पण पहिली ओळ कोणी उचलायची नाही. माय भाकरीचे हात धुऊन यायची, बसता बसताच सूर लावायची आणि मग बाकीच्या मागून. अहिराणीतली ती गाणी मला अर्धीच कळत. आवाज जाडसर होता, गोड म्हणावा असा नव्हता. पण तो सुरू झाला की अंगणातलं पोरसुद्धा धावायचं थांबायचं.

त्या वर्षी रोटाचे गहू घेताना मी ओट्यावर बसलो होतो. मूठ मूठ पडत होती. आबांची, म्हणजे भिकनच्या वडिलांची, भिकनची, मामाची. मायनं हात थांबवला आणि माझ्याकडं बघितलं. गावात मला सगळे 'रेल्वे'च म्हणत.

"याना नावनी मूठ कसाले नको?" ती आबांना म्हणाली. "बठ्ठा सुट्टीना दिन आठेच तं जेवस हाऊ." सुट्टीत मी खरंच त्यांच्याकडंच जेवायचो.

आबा हसले. "टाक, टाक. रेल्वे आपलीच शे."

गहू सुपात पडले तो आवाज अजून कानात आहे. त्याच कानबाईला मामानं तिची गाणी टेप केली, कॅसेटची एक पूर्ण बाजू. मग मागच्या कडेची प्लास्टिकची टिकली मोडून टाकली, म्हणजे त्यावर पुन्हा कोणाला टेप करता येऊ नये. मायनं हसत हसत त्या बाजूला कुंकवाचं बोट टेकवलं.

पौषात ती काविळीनं गेली. पंधरा दिवसांत.

तिचा एकच फोटो होता, कोणाच्या तरी लग्नातला, डोळे अर्धे मिटलेले. भिंतीवर लावला. भिकन त्याच्याकडं बघत नसे. "ती अशी नव्हती," एवढंच म्हणे. आबा मात्र तिन्हीसांजा व्हायच्या आत टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून शेतात जात. विहिरीजवळ मोटारीची खोली होती. पाणी भरता भरता तिथं बसून ऐकत. भिकन सांगायचा आणि सांगताना हसायचा, "बाप मोटार चालू करीसन गाना ऐकस. मोटारना आवाजमां काय ऐकू येत व्हई?" त्यांना येत असणार.

घरात कॅसेटी दोनच होत्या. एकीची फीत अडकून तुटली, तेव्हापासून 'ध्रुवयान'साठीही तीच कॅसेट यायला लागली. मोकळ्या बाजूवर मी टेप करायचो. प्रत्येक शनिवारी भिकन बजावायचा, "कुंकूनी बाजू नको हां, रेल्वे." मला राग यायचा. मी काय मूर्ख आहे?

दहावीचा श्रावण. टीव्हीवर सांगितलं, मालिकेला इतकी वर्षं झाली म्हणून येत्या रविवारी अगदी पहिला भाग पुन्हा दाखवणार, तासभराचा. पहिला! मी शनिवारी पारावर उभं राहून भाषणच केलं. सोमवारी भिकनला कळेल. सोमवारी वाद संपेल. भिकन म्हणाला, "आन त्याना आवाज. चांगला राहना तं मान्य करसू." तो खरंच मान्य करणार होता. तसाच होता तो.

रविवारी टेपरेकॉर्डर लावला. आईला सांगून ठेवलं, आज कुकर नाही. अर्ध्या तासाला फीत संपली, खटका पडला. टीव्हीवर जाहिरात लागली होती. आणि पहिल्याचं भाषण, ज्यासाठी मी एवढी वर्षं भांडत होतो, ते यान सोडून जाणाऱ्या सोबत्यांना निरोप देण्याचं भाषण, पुढच्या भागात होतं.

माझ्याकडं एका जाहिरातीइतका वेळ होता. तेवढ्यात मी काय काय विचार केला ते मला नीट आठवतं, म्हणून नकळत झालं असं म्हणता येत नाही. कॅसेट उलटी केली. बटण दबेना, कारण टिकली मोडलेली होती. वहीच्या कागदाचा बोळा करून त्या भोकात बसवला. बटण दाबलं गेलं. मनात म्हटलं, गाणी काही बाजूभर नसतील. म्हटलं, मामाकडं दुसरी प्रत असेल. कुंकवाचा ठिपका माझ्या अंगठ्याखाली होता. अंगठ्याला लागला, तो मी चड्डीला पुसला.

भाग संपल्यावर मी ऐकायला बसलो. पहिल्याचं भाषण स्वच्छ आलं होतं. शेवटचं संगीत वाजलं आणि ते जिथं तुटलं तिथं एकदम बायकांचा गलका. मग ती. "थांबा व बाया, घसा सुकना मना." मग पाणी प्यायल्याचा आवाज, बांगड्या, आणि पुन्हा तिनं सूर लावला. दोन-तीन मिनिटं उरली होती. तेवढी उरली होती.

ती ठेवली असती. भिकनच्या हातात कॅसेट देऊन सांगितलं असतं, माझ्याकडून एवढं झालं, एवढं उरलं आहे. त्यानं मारलं असतं, बोलला नसता, काय व्हायचं ते झालं असतं. पण तिच्या गाण्यावर पहिल्याचा आवाज सापडला असता तर चोर कोण हे उघडच होतं. म्हणून मी कॅसेट पुन्हा लावली, टेपरेकॉर्डरच्या माइकच्या भोकावर उशी दाबून धरली आणि दोन्ही बाजू अथपासून इतिपर्यंत कोऱ्या केल्या. तासभर उशी धरून बसलो होतो. आईनं विचारलं, काय करतोस? म्हटलं, दुरुस्ती. मग कागदाचा बोळा काढून टाकला.

लोक म्हणतात, पोरवयात चुका होतात. पहिली चूक पोराची असेल. ती दोन-तीन मिनिटं मी पुसली ती पोर म्हणून नाही.

सोमवारी भिकनला म्हणालो, "भाग मिळाला नाही. लाइट गेली होती."

"तुमना क्वार्टरमां लाइट गयथी?" त्याला नवल वाटलं.

"गेली होती."

त्यानं कॅसेट दप्तरात घातली. चौधरी म्हणाला, पहिल्याचं नशीबच फुटकं.

पुढच्या रविवारी कानबाई बसली. मी गेलो होतो. माझी मूठ आबांनी आठवणीनं टाकली होती. कडुलिंबाच्या डहाळ्या, केळीचे खांब, नारळाचे ते मोठे डोळे. बायका जमल्या, पहिली ओळ उचलायला कोणी नव्हतं. आबांनी नवे सेल आणून ठेवले होते. भिकननं टेपरेकॉर्डर कानबाईपुढं ठेवला आणि बटण दाबलं.

खरखर. नुसती खरखर. बायका मान पुढं काढून वाट बघत होत्या. भिकननं फीत पुढं नेली, उलटी केली, पुन्हा लावली. एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. आबा उभेच होते.

"कोठे ठेवेल व्हती हाई?" भिकननं विचारलं.

"मीच ले गयथू शेतमां," आबा म्हणाले. "सेल उतरी गयथात म्हनीसन ऐकी नही. तठेच पडेल व्हती, स्टार्टरनी पेटीवर."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. का बघणार नाहीत? शहरातला मुलगा, वर्गात पहिला, टेप करणारा. आणि मी सांगितलं. विज्ञानाच्या पुस्तकातल्यासारखं, स्पष्ट शब्दांत. मोटारीच्या स्टार्टरमध्ये लोहचुंबक असतं. कॅसेट जवळ ठेवली तर पुसली जाऊ शकते.

आबा खाली बसले. मी त्यांचे हात बघितले; ते तळवे उलटेपालटे करून बघत होते, जणू हातांना काही लागलं आहे.

"आबा, तुमले कोनी सांगं व्हतं तठे ठेवाले?" भिकन म्हणाला. त्यानंतर वर्षभर तो बापाशी बोलला नाही. दहावीचा निकाल लागला आणि मामाकडं सुरतेला यंत्रमागावर गेला. माझ्याखालोखाल मार्क होते त्याला. मला एकदा म्हणाला होता, मागाच्या खडखडाटात कोणाचाच आवाज ऐकू येत नाही, बरं वाटतं.

'ध्रुवयान' पुढच्या वर्षी बंद पडलं. त्याआधीच आमचा वाद बंद पडला होता. चौधरीनं एकदा-दोनदा तिसऱ्याचं नाव काढलं, मग तोही गप्प झाला.

मी शिकलो, नाशिकला नोकरीला लागलो. कानबाईला कधी जायचो, कधी नाही. एका वर्षी आबांबरोबर शेतात गेलो होतो. मोटारीच्या खोलीत स्टार्टर नव्हता. तो बाहेर बाभळीच्या खांबावर ठोकला होता, वर पत्र्याची टोपी. म्हटलं, पावसात कशाला?

"यानाजोडे मी काहीच ठेवस नही आते," आबा म्हणाले. पाण्याची धार बघत होते. "मीच पुशी टाकी तिले, रेल्वे."

पाणी चालू होतं. चांगला पाच मिनिटांचा वेळ माझ्याकडं होता. त्या जाहिरातीपेक्षा किती तरी जास्त. मी म्हणालो, "जाऊ द्या आबा." ते म्हणाले, "हां," आणि पिकाला पाण्याचं बारं द्यायला फावडं घेऊन गेले.

आबा यंदा चैत्रात गेले. त्यांना आता सांगता येणार नाही. हे वाक्य मी चैत्रापासून रोज स्वतःला ऐकवतो.

या श्रावणात भिकनचा फोन आला. "येस ना? तुनी मूठ टाकेल शे." गेलो. रविवारी बोललो नाही. सोमवारी कानबाई नदीवर गेली, लोक परतले, आम्ही दोघं मागं राहिलो. पाण्यात पाय सोडून बसलो होतो. तिथं सांगितलं. कागदाचा बोळा सांगितला. उशी सांगितली. स्टार्टरचं लोहचुंबक सांगितलं. भिकनचे केस पांढरे झाले आहेत, ऐकताना तो डावा कान पुढं करतो. मागांनी उजवा नेला.

मग मला वाटलं, काहीतरी परत द्यावं. म्हटलं, शेवटी ती काय म्हणत होती ते मला आठवतं, सगळं गाणं नाही, पण—

"शब्द नको सांगू," भिकन म्हणाला. "शब्द मालेबी पाठ शेत."

घरी आलो. वहिनीनं, भिकनच्या बायकोनं, नेहमीसारखे माझ्या वाटचे रोट डब्यात घातले. तिला काही माहीत नव्हतं. भिकन बघत होता. घाल म्हणाला नाही, नको म्हणाला नाही.

स्टेशनापर्यंत तो आला. का आला माहीत नाही. गाडीला वेळ होता. दोघं बाकावर बसलो, मध्ये डबा. त्यानं एकदाच विचारलं, "बापले सांगं व्हतं का?"

"नाही."

त्यानं मान हलवली. सिग्नल पडला. गाडी वळणावर दिसली तेव्हा तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मंग पहिला कसा बोले रे? आवाज कसा व्हता त्याना?"

मी तोंड उघडलं. हात पाठीमागं बांधलेले आठवले, वर बघणं आठवलं, चंदेरी कागदाचं यान आठवलं. भाषणातला शब्दही आठवत होता. आवाज आठवला नाही. जाड होता की बारीक, तेही सांगता येईना. गाडी येऊन थांबली तरी मी आठवतच होतो, आणि कानात दुसरंच येत होतं: पाणी प्यायल्याचा आवाज, बांगड्या, घसा सुकना मना.

भिकननं डबा उचलून माझ्या हातात दिला आणि गाडी सुटायच्या आत वळून चालायला लागला.

पौर्णिमा तीन दिवसांवर आहे. रोट बाहेरच्याला द्यायचे नसतात. मी घरचा आहे की बाहेरचा, हे तो काही बोलला नाही.